नापास झालं की अमेरिकेतून परत धाडतात?

आमच्या आर्वीकडं पारावर वर्षानुवर्षं ऐकतो: पोरापाशी अमेरिकेत राहणारी आजी नागरिकत्वाच्या परीक्षेत नापास झाली, की ग्रीन कार्ड (तिथं कायम राहायचा परवाना) काढून घेतात. साफ खोटं. 60 ते 90 दिवसांत दुसरी संधी मिळते, तीही नापास झालेल्या भागापुरतीच. तेव्हाही जमलं नाही तर अर्ज नामंजूर होतो, कार्ड राहतं. पुन्हा अर्ज करा (फी मात्र नव्यानं).

इंग्रजीचा धाकही फुकाचा. वय 65 आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षं झाली असतील तर दुभाष्यामार्फत मराठीतच उत्तरं देता येतात. ठरलेल्या 20 प्रश्नांतले 10 तोंडी विचारतात, 6 बरोबर आले की पास. आत्ताचे राष्ट्राध्यक्ष कोण, लिंकननं काय केलं? गुलामांना मुक्त केलं. एवढं तर आजी तूर निवडता निवडता पाठ करेल.