कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहबंदीचा प्रस्ताव आला, तर विरोध कसा नोंदवायचा?

४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन ८’ (समलिंगी विवाहबंदीचा, थेट मतदारांपुढे ठेवलेला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव) सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झालं आणि समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क गेला. तो कोर्टातून परत मिळायला जून २०१३ उजाडला. त्याने कॅलिफोर्नियाच्या घटनेत घातलेलं बंदीचं वाक्य तर २०२४ च्या मतदानातच पुसलं गेलं. पुन्हा असा प्रस्ताव आला, तर मतदानाच्या दिवसाची वाट बघू नका. तो सह्यांच्या टप्प्यावरच अडवता येतो.

घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के इतक्या मतदारांच्या सह्या लागतात, त्याही १८० दिवसांत. २०२२ च्या मतदानावरून हा आकडा ८,७४,६४१ येतो. सह्या गोळा करायला सुरुवात होण्याआधी ३० दिवस ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर मसुद्यावर हरकत नोंदवता येते. किराणा दुकानाबाहेर कुणी सहीसाठी क्लिपबोर्ड पुढे केला, तर शीर्षक आणि सारांश वाचल्याशिवाय सही करू नका. घाईत करून बसला असाल तरी ती मागे घेता येते: नाव, राहता पत्ता आणि सही असलेला लेखी अर्ज तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात द्या. मात्र सह्यांचे कागद तिथे दाखल होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच. ही सोय फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगते.

मतदानासाठी अमेरिकेचं नागरिकत्व, कॅलिफोर्नियात वास्तव्य आणि मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण असणं आवश्यक आहे. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसा असलेल्यांनी नोंदणी करूच नये. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या) फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचूनच खूण करा. तुम्ही मत देऊ शकत नसाल, तरी नागरिक झालेल्या नातेवाइकांशी, शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडीचा नंबर, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार अंक आणि जन्मतारीख हाताशी ठेवा. मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत. ती चुकली तर मतदानाच्या दिवसापर्यंत काउंटी कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर जाऊन नोंदणी आणि मतदान एकदमच करता येतं. घर बदललं असेल तर नव्याने नोंदणी करा.

आता मतपत्रिका. २००८ मध्ये लग्नाच्या हक्काच्या बाजूचं मत ‘नो’ होतं. बंदीचं वाक्य पुसणाऱ्या २०२४ च्या ‘प्रपोझिशन ३’ मध्ये तेच मत ‘येस’ झालं. म्हणून ‘हो’ म्हटल्याने नेमकं काय बदलतं, हे सरकारी माहितीपुस्तिकेत आधी पाहा. ही पुस्तिका मराठीत नाही, पण हिंदीत मिळते. इथे स्थायिक होऊन नागरिक झालेल्या आई-बाबांना ती जरूर मागवून द्या. मत देताना मदत लागली तर दोन माणसं सोबत नेता येतात. फक्त ती तुम्हाला नोकरी देणारा मालक किंवा तुमच्या युनियनचा प्रतिनिधी नसावीत.

नोंदणीकृत मतदारांना मतपत्रिका टपालाने घरी येते. परतीच्या पाकिटावर नोंदणीत आहे तशीच सही करा. सही राहिली किंवा जुळली नाही, तर काउंटीकडून दुरुस्तीसाठी कळवलं जातं. त्या पत्राला लगेच उत्तर द्या, नाहीतर तुमचं मत मोजलं जाणार नाही.