ठेकेदाराकडे ‘रेरा नंबर’ आहे, म्हणून निर्धास्त?

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: ठेकेदाराने रेरा नंबर दाखवला की काम खात्रीचं. हे खरं नाही.

रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा २०१६चा स्थावर मालमत्ता कायदा. त्यात नोंदणी होते ती विक्रीसाठीच्या गृहप्रकल्पांची आणि दलालांची. बांधकाम ठेकेदाराची नोंदणी त्यात नाहीच. तो दाखवतो तो नंबर बहुधा त्याच्या दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाचा असतो. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकून बघा, प्रकल्पाचं नाव दिसेल. बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरवर असलेली पाच वर्षांची जबाबदारीही तुमच्या बंगल्याला आपोआप लागू होत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते.

म्हणून खरा आधार करारनाम्याचा. ‘मालासकट चौरस फुटाला अमुक’ एवढ्यावर थांबू नका. सिमेंट-सळईचा ब्रँड, काँक्रीटची ग्रेड (मजबुतीचा दर्जा), जोत्याची उंची, वाढीव कामाचा दर, सगळं त्यात हवं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: पाया, जोता, स्लॅब, गिलावा. पहिल्याच दिवशी निम्मी उचल मागणाऱ्याला माझ्या मते सरळ नकार द्यावा. स्लॅब ओततानाच त्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे साच्यात भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि देखरेखीला ठेकेदाराशी संबंध नसलेला इंजिनिअर ठेवा.

फसवणूक झालीच तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ धरली आहे. तिथे करार, पावत्या आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद कामी येते.