मदतीची हाक आणि तिचे उत्तर : ऑनलाइन मित्रांकडून संगणकाच्या अडचणी सोडवून घेण्याची पार्श्वभूमी

संगणक मध्येच अडला, एखादे संकेतस्थळ उघडेना किंवा पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येईना, की आपण ज्याला कधी प्रत्यक्ष भेटलोही नाही अशा मित्राला संदेश पाठवतो आणि बहुतेक वेळा उत्तरही मिळते. इंटरनेट घरोघरी पोहोचल्यावर ही सवय लागली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाचा क्रम मात्र जवळजवळ उलटा आहे : संगणकावरून परस्परांशी बोलण्याच्या सुरुवातीच्या काही सोयी अडचण सांगता यावी आणि तिचे उत्तर मिळावे, याच गरजेतून उभ्या राहिल्या.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची शिक्षणप्रणाली होती आणि ती अनेकजण एकाच वेळी वापरत. काही बिघडले, की वापरणारे एका सामायिक फाइलमध्ये तक्रार लिहून ठेवत. ही फाइल कोणालाही उघडून बदलता येत असल्यामुळे कोणता मजकूर कोणी लिहिला याची खात्री नसे आणि एखाद्याच्या हातून सगळेच पुसले जाण्याचीही भीती असे. १९७३ साली डेव्हिड वूली या तरुण प्रोग्रामरने यावर उपाय म्हणून ‘नोट्स’ हा प्रोग्राम लिहिला. त्यात प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याची ओळख, तारीख आणि वेळ आपोआप पडे, खाली ६३ पर्यंत प्रतिसाद जोडता येत आणि एक विभाग केवळ मदतीसाठी राखलेला असे. प्रश्न वर आणि उत्तरे त्याच्याखाली, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी मांडणी इथे बिघाडांच्या नोंदींसाठी घडली, हे मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढचा टप्पा युजनेटचा, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांवर विषयवार संदेश पोहोचवणाऱ्या चर्चाजाळ्याचा. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना १९७९ साली सुचली. १९८० च्या सुरुवातीला इतर विद्यापीठांना या जाळ्यात सामील होण्याचे जे निमंत्रण दिले गेले, त्यात सुरुवातीचे लेखन मुख्यतः प्रोग्राममधील दोषांच्या दुरुस्त्या, बिघाडांच्या तक्रारी आणि मदतीच्या हाका अशा स्वरूपाचे असेल, असे स्पष्ट म्हटले होते. त्या काळी ही यंत्रे टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना फोन लावून संदेशांची देवाणघेवाण करत आणि प्रश्न लांबच्या यंत्रापर्यंत जाऊन उत्तर परत येईपर्यंत दिवस उलटत. उलटतपासणीला वाव नसल्यामुळे विचारणाऱ्याला पहिल्याच संदेशात सगळे लिहावे लागे : यंत्र कोणते, प्रोग्रामची आवृत्ती कोणती, काय केले आणि काय झाले. प्रश्न नीट मांडण्याची जी शिस्त पुढे जाणकार मंडळी नवख्यांना शिकवू लागली, तिचे एक मूळ या संथपणात असावे.

तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवण्याची प्रथा पडली. नासामध्ये काम करणाऱ्या यूजीन मिया यांचे नाव या प्रथेच्या आरंभाशी जोडले जाते.

अनोळखी माणसे इतका वेळ का देतात, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अपाचे या वेबसर्व्हरच्या (संकेतस्थळाची पाने वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रोग्रामच्या) वापरकर्त्यांनी एकमेकांना केलेली मदत निवडली होती. त्यांना असे आढळले, की मदत करणाऱ्यांच्या श्रमांपैकी ९८ टक्के भाग इतरांचे प्रश्न आणि उत्तरे वाचून स्वतः शिकण्यात जात होता. उत्तर आधीच ठाऊक असले, की ते टाइप करायला फारसे कष्ट पडत नसत. यामुळे मदत करणाऱ्याचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, असे मी मानतो. शिकण्याची ओढ आणि सांगण्याची ओढ एकाच माणसात असते, एवढेच त्यातून दिसते. २००८ साली जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने उत्तम उत्तराला मते देऊन वर आणण्याची सोय केली आणि असे उत्तर पुढच्या शेकडो लोकांच्या हाती लागू लागले.

दरम्यान मदतीची दुसरी, खाजगी वाट तयार झाली होती. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या आयसीक्यू या तत्काळ संदेश पाठवण्याच्या प्रोग्राममुळे कोणता मित्र या क्षणी ऑनलाइन आहे हे दिसू लागले आणि प्रश्न पूर्ण लिहिण्याची गरज उरली नाही. “एकही साइट उघडत नाही,” एवढाच संदेश येतो. “नेमके काय लिहून येते?” “सुरक्षित नाही म्हणते.” “सगळीकडे तेच येते का?” “हो.” “कोपऱ्यातली तारीख बघ बरं.” तारीख कित्येक वर्षे मागची निघते. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्याच घड्याळाशी ताडून पाहतो, त्यामुळे घड्याळ चुकले की चांगली संकेतस्थळेही संशयास्पद ठरतात. समोरचा पडदा न पाहता, दोन-तीन प्रश्नांत इथपर्यंत पोहोचणे हे खरे कौशल्य आहे.

मित्रावरच्या या विश्वासाची उलट बाजूही लवकरच दिसली. २००० च्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ हा विषाणू ओळखीच्यांच्या ई-मेल पत्त्यांवरून आला म्हणूनच इतक्या झपाट्याने पसरला. त्याहून शिकण्यासारखी घटना पुढच्या वर्षीची. ‘एसयूएलएफएनबीके’ नावाची फाइल म्हणजे विषाणू आहे, ती शोधून लगेच काढून टाका, असा इशारा मित्रांनी मित्रांना पाठवला. शोधल्यावर ती खरोखरच सापडे, कारण ती विंडोजचीच, लांब फाइलनावे पूर्ववत करण्यासाठी दिलेली फाइल होती. लोकांनी ती काढून टाकली आणि काळजीपोटी इशारा पुढे पाठवला. इथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. सल्ला तपासून पाहणारे तिसरे कोणी त्या खाजगी संभाषणात नव्हते.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमधील ‘रिमोट असिस्टन्स’ने मित्राला थेट पडदाच दाखवता येऊ लागला. या सोयीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. निमंत्रण अडचणीत असलेल्याने पाठवायचे, त्याला मुदत आणि पासवर्ड घालायचा; मित्राला आधी फक्त पडदा दिसे, माउस हाती घ्यायचा तर त्याला वेगळी परवानगी मागावी लागे, आणि ती दिल्यानंतरही एस्केप कळ दाबून त्याचा हात तत्क्षणी बाजूला करता येत असे. अशाच साधनांचा आधार घेऊन नंतर तोतये मदतनीस लोकांना फसवू लागले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम हा क्रमच उलटा केला : निमंत्रणाची वाट न पाहता फोन त्यांच्याकडूनच येऊ लागला.