ऑस्ट्रेलियात गुन्ह्यामुळे व्हिसा रद्द झाला तर ट्रिब्युनलकडे दाद

ऑस्ट्रेलियात सिटिझन नसलेल्या माणसाचा व्हिसा गुन्ह्यामुळे गेला तर त्याविरुद्ध ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या लवादाकडे, दाद मागता येते. हे ट्रिब्युनल १४ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, त्याआधी हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलकडे होतं. आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यायला हवं, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून तिकडे वर्षानुवर्षं पीआरवरच, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीवरच, राहणारे बरेच असतात. पण पीआर म्हणजे शेवटी व्हिसाच, वीस वर्षं राहा, घर घ्या, मुलं तिथली सिटिझन असू देत, तो रद्द होऊ शकतो.

सगळं मायग्रेशन ॲक्ट १९५८ च्या कलम ५०१ वर चालतं. १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की माणूस कॅरेक्टर टेस्टमध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या वर्तनाच्या कसोटीत, नापास, आणि सहा-सहा महिन्यांच्या दोन शिक्षा एकदमच भोगायच्या असल्या तरी या टेस्टसाठी त्यांची बेरीज बारा धरतात! डिसेंबर २०१४ पासून तर अशी मोठी शिक्षा झालेला किंवा लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस जेलमध्ये पूर्णवेळ शिक्षा भोगत असेल तर व्हिसा आपोआप रद्द करावाच लागतो, अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मग २८ दिवसांत लेखी म्हणणं मांडून व्हिसा परत मागायचा, आणि अधिकाऱ्याने नाही म्हटलं की ट्रिब्युनल.

इथे मुदतीच जीव काढतात. अधिकाऱ्याच्या निर्णयाची नोटीस मिळाल्यापासून ९ दिवसांत ट्रिब्युनलकडे अर्ज, आणि ही मुदत वाढवायचा अधिकार ट्रिब्युनललाही नाही, म्हणजे माणूस डिटेन्शन सेंटरमध्ये (व्हिसा नसलेल्यांना अडकवून ठेवतात तिथे), बाहेर बायको वकील शोधतेय आणि दिवस चाललेत. ट्रिब्युनलने ८४ दिवसांत निकाल दिला नाही तर आधीचाच निर्णय कायम झाला असं कायदा धरून चालतो. आणखी एक, सुनावणीच्या निदान दोन कामाचे दिवस आधी लेखी कागद सरकारी बाजूला दिलेले नसतील तर आपल्या बाजूचं ते म्हणणं ट्रिब्युनल विचारात घेऊच शकत नाही, मग तो मुलीच्या शाळेचा दाखला असो की जेलमधल्या कोर्सचं सर्टिफिकेट. मला हा नियम फार कठोर वाटतो, कारण त्याची झळ वकील नसलेल्यालाच जास्त बसते.

ट्रिब्युनल गुन्हा पुन्हा तपासत नाही, शिक्षा झाली ती झाली. प्रश्न एवढाच की व्हिसा परत द्यावा का, आणि तो मात्र नव्याने बघतात. त्यासाठी इमिग्रेशन खात्याच्या मंत्र्यांचे लेखी निर्देश पाळावे लागतात. जून २०२४ पासून डायरेक्शन ११० लागू झालं, त्यात समाजाच्या सुरक्षिततेला साधारणपणे सगळ्यात जास्त वजन द्यायला सांगितलंय, शिवाय घरगुती हिंसाचार, ऑस्ट्रेलियाशी असलेले नातेसंबंध, अल्पवयीन मुलांचं हित आणि समाजाची अपेक्षा हेही बघतात. मायदेशी पाठवलं तर तिकडे जगणं कितपत जमेल हाही मुद्दा असतो, पण दुय्यम.

मंत्र्यांनी स्वतः निर्णय घेतला असेल तर ट्रिब्युनलचा रस्ताच बंद. आणि आपोआप रद्द झालेल्या केसमध्ये ट्रिब्युनलमध्ये जिंकलं तरी देशहिताचं कारण देऊन मंत्री तो निकाल फिरवू शकतात, तेही आधी म्हणणं न ऐकता. मग उरतं फेडरल कोर्ट, तिथे ३५ दिवसांत जायचं, आणि कोर्ट फक्त कायद्याची चूक झाली का एवढंच बघतं, व्हिसा द्यायचा की नाही ते ठरवत नाही.