गोल्ड फिल्ड म्हणजे सोनं भरलेलं नव्हे

"फिल्ड म्हणजे भरलेलं ना, काका? मग आत सोनंच असणार की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच भिंग काढून ठेवतो. परवा ऐकवलं ते आमच्या गल्लीतल्या एका पोराने. फोनवर फोटो बघून त्याने जुनं घड्याळ मागवलं होतं. आत स्विस मशीन, केस म्हणजे बाहेरची डबी अमेरिकन, मागच्या झाकणाच्या आत इंग्रजीत कोरलेलं: '१४ के गोल्ड फिल्ड'. विकणाऱ्याने त्याला '१४ कॅरेट सोन्याचं विंटेज' म्हणून सांगितलेलं आणि पैसेही त्याच हिशोबाने घेतलेले.

सोन्याबद्दल सोलापूरकराला मी काय शिकवणार! सराफ कट्ट्यावर वाढलेली माणसं आपण. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५, इंग्लंडकडच्या घड्याळांत दिसणारं ९ कॅरेट म्हणजे ३७५. घड्याळाची केस २२ कॅरेटची सहसा करत नाहीत, कारण ती मऊ पडते, टेबलाच्या कडेला लागली तरी पोचा येतो. तेव्हा '१८ म्हणजे भेसळ' असं नाक मुरडू नका. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १९६३ साली दागिनेही १४ कॅरेटच्या वर करायला बंदी घातली होती, तेव्हा घरोघरी किती बोटं मोडली गेली ते जुन्या माणसांना विचारा. आणि हो, जुन्या घड्याळावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, शोधत बसू नका. हॉलमार्कच्या सक्तीतून घड्याळं आणि फाउंटन पेन वगळलेली आहेत.

आता मूळ घोळ. घरात बोरमाळ असेल तर तिचा एक मणी डोळ्यांसमोर आणा. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. मोडीला नेली की सराफ लाखेचं वजन वजा करतो आणि आपण त्याबद्दल भांडत नाही, कारण आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं. गोल्ड फिल्ड घड्याळ ही तीच गोष्ट, फक्त लाखेच्या जागी पितळ. पितळेच्या जाड पट्टीवर सोन्याचा पत्रा उष्णतेने आणि दाबाने जोडायचा, मग ती जोडपट्टी रुळांतून काढून पातळ करायची आणि तिच्यातून केस ठोकायची. इंग्रजी नाव नेमकं उलटं सुचवतं. भरलंय ते पितळ, सोनं बाहेर आहे.

फरक किती, तो वजनात बघा. १२ ग्रॅमची केस पूर्ण १८ कॅरेटची असेल तर शुद्ध सोनं ९ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याच्या थोडं वर. तीच १२ ग्रॅमची केस '१/२० १४ के गोल्ड फिल्ड' असेल तर तो अपूर्णांक वजनाचा आहे. विसावा हिस्सा म्हणजे ०.६ ग्रॅम, तेही १४ कॅरेटचं. शुद्ध सोनं ०.३५ ग्रॅम, जेमतेम तीन गुंजा. दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी ठेवली तर तुम्हालाच काय, मलाही लांबून ओळखू येणार नाहीत.

आणि इथेच आपली हुशारी आपल्याला नडते. "सराफाकडे टंच काढून आणलाय, १४ आला," असं लोक छाती फुगवून सांगतात. येणारच! कसोटीवर घासलं की पृष्ठभाग घासला जातो, आणि पृष्ठभाग खरोखरच १४ कॅरेटचा आहे. टंच काढायच्या क्ष-किरणांच्या मशीनवर ठेवलं तरी त्या किरणांना सोन्याच्या अगदी वरच्या थरातलंच दिसतं. पत्रा जाड असला की खालच्या पितळेचा पत्ताही लागत नाही. सराफाने फसवलं नाही, मशीन बिघडलेलं नाही, तुम्ही प्रश्न चुकीचा विचारलात. टंच सांगतो वरचं सोनं किती कसाचं आहे. ते किती खोल आहे हे तो सांगत नाही.

म्हणून मागचं झाकण उघडायचं. उघडून द्यायला विकणारा कां-कूं करत असेल तर तिथेच नमस्कार करून निघायचं, दुसरं कारण शोधायची गरज नाही. स्विस घन सोन्याच्या केसमध्ये आत बारीक ठसा असतो: १८ कॅरेटला हेल्वेशिया या स्त्रीचं मस्तक, १४ ला खार, आणि १९९५ नंतरच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. बर्मिंगहॅमला तपासलेल्या केसवर नांगर. कॅरेटच्या आकड्यापुढे जी एफ (गोल्ड फिल्ड), जी पी (गोल्ड प्लेटेड), आर जी पी (रोल्ड गोल्ड प्लेट) असली कुठलीही शेपटी असेल तर ते घन सोनं नाही, मग आकडा कितीही मोठा असो. 'मायक्रॉन', म्हणजे वरच्या थराची जाडी, लिहिलंय? घन नाही. 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलंय? तेही घन नाही. जुन्या खिशातल्या घड्याळावर 'वीस वर्षांची हमी' कोरलेली असते, ती मशीनची वाटते ना? ती वरचा पत्रा झिजायला किती वर्षं लागतील त्याची हमी आहे! आतून पिवळं दिसलं म्हणूनही भुलू नका, चांगल्या गोल्ड फिल्डला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो.

मग भिंग घेऊन पट्टा जिथे पिनेला अडकतो ती चार टोकं बघा. बाही रोज तिथेच घासते. त्या पोराच्या घड्याळाच्या एका टोकाला तांदळाच्या कणीएवढा डाग होता, जरा लालसर, आणि त्याच्या कडेला जिथे घाम साचतो तिथे हिरवट किट्ट. घन सोन्याची टोकं झिजून गोल होतील, पण झिजली तरी खाली सोनंच लागेल.

गोल्ड प्लेटेड, रोल्ड गोल्ड आणि गोल्ड फिल्ड यांच्यातल्या फरकावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात रस नाही. प्लेटेड म्हणजे सोन्याचं पाणी, बाकीचे दोन म्हणजे पत्रा, त्यातला रोल्ड जरा पातळ. तिन्ही सोन्याच्या भावाने घ्यायचे नाहीत, झालं. '१७ ज्वेल्स' म्हणजे आतले कृत्रिम माणिक, चाकांच्या आसांची टोकं त्यांत फिरावीत म्हणून बसवलेले. त्याची किंमत रत्नांसारखी करणाऱ्यांना कोपरापासून दंडवत.

माझा खरा राग बफवाल्यांवर, म्हणजे फिरत्या चाकावर घासून पॉलिश करणाऱ्यांवर आहे. एकदा मी स्वतःच एक सोनेरी घड्याळ 'जरा साफ करून द्या' म्हणून एका दुकानात टाकलं आणि कडा गुळगुळीत, झाकणावरची कोरलेली अक्षरं अर्धी पुसलेली असं ते परत आलं. पाण्याच्या किंवा पत्र्याच्या घड्याळाला बफ मारणं म्हणजे सोनं झाडून गटारात टाकणं. दुसरा राग डायल नव्याने रंगवून भडक केलेल्या घड्याळांवर. माझं मत विचाराल तर डायल मूळचं, कडा शाबूत आणि एका टोकाला पितळ उघडं पडलेलं प्रामाणिक गोल्ड फिल्ड मी आनंदाने घालीन. बफ मारलेलं घन सोनं तुमचं तुम्हालाच लखलाभ. आमच्याकडे गिरणीत उमेदवारी केलेल्यांच्या घरी एचएमटीची सोनेरी घड्याळं अजून निघतात. ती पाण्याचीच आहेत आणि तशीच सांगितली जातात, त्यात फसवणूक कुठेच नाही. अर्थात भोंग्यावर चालणाऱ्या शहरात मनगटावर घड्याळ कशाला लागत होतं, हा प्रश्न आहेच.

एवढं करूनही शंका उरली तर घड्याळजीकडून मशीन, काच, चावी सगळं काढून घ्यायचं आणि नुसती केस तोलायची. आधी कोरडी, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. कोरड्या वजनाला वजनातल्या घटीने भागा. १८ कॅरेट साधारण साडेपंधराच्या आसपास येतं, १४ कॅरेट तेराच्या, पितळ साडेआठच्या. पत्रा कितीही जाड असो, पाण्याला तो फसवू शकत नाही.

त्या पोराची केस आम्ही रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या वाटीत तोलली. ८.८ आलं. तो बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसला, मग विचारलं, "मालक, मशीन तरी बरंय का?" मशीन सुंदर होतं. तेल घालून, पट्टा बदलून दिलंय. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, तेवढं अजून बसवायचंय.