यील्ड: एक शब्द, चार आकडे

दांडी पडली की यील्ड. तरफेच्या यंत्रांवर ताण चाचणी (नमुना ओढून धातूचे बळ मोजणे) होई तेव्हा यील्डची, म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागण्याच्या क्षणाची, व्यवहारातली व्याख्या एवढीच होती. नमुन्याचे खालचे टोक स्क्रूने किंवा पाण्याच्या दाबाने ओढायचे, वरचे टोक लांब दांडीला अडकवलेले, आणि दांडीवरचे सरकते वजन चाक फिरवत पुढे नेऊन दांडी दोन अटकावांच्या मधोमध तरंगती ठेवायची. मऊ पोलाद यील्ड झाले की नमुन्यावरचा भार उतरतो आणि दांडी खालच्या अटकावावर आपटते. त्या वेळी वजन ज्या खुणेवर असेल तो यील्ड भार. चाक घाईने फिरवले तर वजन भाराच्या पुढे जाई आणि यील्ड यायच्या आधीच दांडी पडे. रेंगाळत फिरवले तर दांडी वरच्या अटकावाला टेकून राही आणि नेमका क्षण निसटे. पुढे तेलावर चालणारी, लोलक आणि गोल तबकडीची यंत्रे आली, तिथे ‘काटा थांबला की यील्ड’ झाले. व्हॉल्व्हवर हात मात्र माणसाचाच राहिला.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकता येतो. स्प्रिंगचा भार आणि तिचे ताणणे समप्रमाणात असते, हे १६७८ मध्ये छापून झाले होते. तरीही पुढची दीडेकशे वर्षे चाचणीचा अर्थ प्रामुख्याने ‘किती भाराला तुटते’ एवढाच होता. लंडनमध्ये १८६५ च्या सुमारास एक मोठे द्रवचालित यंत्र उभे राहिले आणि पैसे घेऊन कोणाचाही माल तोडून देण्याचा व्यवसाय सुरू झाला. रेल्वेच्या आसांवरच्या थकवा (वारंवार भार देऊन तोडण्याच्या) चाचण्या त्याच सुमाराच्या. कठीणपणा मोजणारी ब्रिनेलची गोळी १९०० ची, आघात सोसण्याची ताकद मोजणारा चार्पीचा लोलक १९०१ चा. त्यांच्या वाटा वेगळ्या.

खरी गुंतागुंत सुरू झाली ती १८८० च्या दशकात, आरसे लावलेले एक्स्टेन्सोमीटर (नमुन्याची वाढ मोजणारे उपकरण) आल्यावर. लांबीतला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येऊ लागला, आणि लवचीकतेची मर्यादा म्हणून जो आकडा छापला जाई तो मापनाच्या बारकाईनुसार खाली सरकतो, हे उघड झाले. शिवाय नमुना आधी उलट दिशेने ताणलेला असेल तर तो आणखी खाली येतो. तेव्हापासून समप्रमाण मर्यादा (जिथपर्यंत भार आणि वाढ समप्रमाणात), लवचीक मर्यादा (जिथपर्यंत नमुना पूर्ववत होतो), यील्ड बिंदू आणि प्रूफ स्ट्रेस (ठरावीक कायमची वाढ उरवणारा स्ट्रेस, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचा भार) ही चार नावे शेजारीशेजारी नांदत आली आहेत, आणि ड्रॉइंगवर चौघांसाठी मिळून सर्रास एकच शब्द लिहिला जातो: यील्ड.

०.२ टक्के हा आकडा म्हणजे या भांडणावरची तडजोड. ॲल्युमिनियम, पितळ, कडक तार यांच्यात दांडी पडतच नाही, वक्र (स्ट्रेस विरुद्ध स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या प्रमाणातली वाढ, यांचा आलेख) हळूच वळतो. म्हणून ठरले की ५० मिमी गेज लांबीवर (नमुन्यावरची मोजणीची लांबी) ०.१ मिमी कायमची वाढ राहील तो स्ट्रेस मोजायचा. सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेघ ०.२ टक्के अंतरावर काढायची, ती वक्राला छेदते तिथला आकडा घ्यायचा. धातूच्या आत त्या बिंदूवर विशेष काही घडत नाही. रेघेचा उतार चुकला की सगळेच चुकते. पोलादाला तो २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपास यायला हवा. १५० आला तर एक्स्टेन्सोमीटरची पाती घसरली आहेत किंवा नमुना वाकडा आहे. क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकत्या आडव्या भागाच्या) हालचालीवरून ०.२ टक्के काढणे तर बादच, कारण त्या वक्रात ग्रिपचे, म्हणजे नमुना धरणाऱ्या जबड्यांचे, दात नमुन्यात रुतणेही मोजले जाते.

मऊ पोलादात वरचा यील्ड आणि खालचा यील्ड असे दोन निघतात. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंनी धरून ठेवलेली विस्थापने (स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधले दोष) एकदम सुटतात, हे त्याचे कारण १९४० च्या दशकाअखेरीस समजले. वरचा आकडा नाजूक. नमुना ग्रिपमध्ये किंचित तिरका बसला तरी वाकण्याचा ताण मिसळतो आणि वक्रातले ते शिखरच नाहीसे होते.

मग वेगाचा प्रश्न. मोठे भांडण इथे आहे. स्ट्रेसच्या वेगावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत पोलादाला सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल अशी दहापट रुंद मुभा होती. यील्डपर्यंत क्रॉसहेडची बरीचशी हालचाल यंत्राची चौकट आणि ग्रिप ताणण्यात जाते. यील्ड सुरू होताच तीच हालचाल नमुन्यावर येते आणि स्ट्रेनचा वेग कित्येक पट होतो. यंत्र स्ट्रेसचा वेग टिकवण्याच्या मागे लागले तर आणखी धावते, आणि मऊ पोलादाचा आकडा आपोआप चढतो. माल पास करून घ्यायला हे सोयीचेच होते, हेही खरे.

ताण चाचणीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या (ISO 6892) १९९८ च्या आवृत्तीच्या वेळीच पुढे स्ट्रेनचा वेग धरायचा असे ठरले होते. २००९ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात प्रत्यक्षात दोन्ही पद्धती राहिल्या. ‘ए’ मध्ये स्ट्रेनचा वेग यील्डपर्यंत सेकंदाला ०.०००२५, अधिक-उणे २० टक्के. ‘बी’ म्हणजे जुनी. ‘ए’ चा आग्रह रास्त, पण त्यातही खोच आहे. एक्स्टेन्सोमीटरवरून वेग नियंत्रित करताना यील्डचा पट्टा (आधी यील्ड झालेला अरुंद भाग) गेज लांबीच्या बाहेर उमटला, तर यंत्राला स्ट्रेन दिसतच नाही आणि क्रॉसहेड सुसाट सुटते. म्हणून वरच्या यील्डनंतर समांतर लांबीवरून काढलेला स्थिर वेग ठेवतात: ७० मिमी गुणिले ०.०००२५, म्हणजे मिनिटाला सुमारे १.०५ मिमी. अहवालात प्रमाणाच्या क्रमांकापुढे ‘ए २२४’ असा संकेत (पद्धत आणि टप्प्यांचे वेग) असेल तर वेग कळतो. संकेतच नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवत बसण्यात अर्थ नाही.

स्प्रिंगवाल्यांना ही तडजोड कधीच मानवली नाही. ४ मिमी तार, ३२ मिमी सरासरी व्यास, ६ सक्रिय वेटोळी अशी दाबाची स्प्रिंग घ्या. तारेच्या पृष्ठभागावर ०.२ टक्के कर्तन स्ट्रेन (तार पिळली गेल्याने येणारा) कायमचा राहिला तर स्प्रिंग साडेनऊ मिमीहून अधिक आखूड होते. ती कोण घेईल? म्हणून ०.०१ टक्क्याचा प्रूफ स्ट्रेस मागितला जातो. पण ५० मिमीवर तो ५ मायक्रॉन भरतो, आणि वर्ग १ च्या एक्स्टेन्सोमीटरला ३ मायक्रॉनची चूक माफ असते. त्यामुळे स्प्रिंगची तार बव्हंशी तन्यता बळावरच (तुटण्याआधीच्या कमाल स्ट्रेसवरच) विकली जात राहिली, आणि यील्डचा निवाडा तयार स्प्रिंगवर होऊ लागला: सगळी वेटोळी मिटेपर्यंत काही वेळा दाबायची, मोकळी लांबी मोजायची, पुन्हा दाबून पुन्हा मोजायची. दुसऱ्या वेळी लांबी घटली तर सेट (कायमचे आखूड होणे) अजून चालू आहे. गुंडाळल्यावर पियानो वायरला (स्प्रिंगच्या कडक पोलादी तारेला) २०० ते २५० अंशांवर अर्धा तास दिला नसेल तर ती हमखास घटते.

ताठरपणा मोजताना दबण्याचा ३० ते ७० टक्के पल्लाच धरण्याची पद्धत पडली. सुरुवातीला टोकाची वेटोळी नीट बसत नाहीत, शेवटी ती एकमेकांना टेकू लागतात. वरच्या स्प्रिंगचा ताठरपणा मिमीला १३ न्यूटन येतो. तार १ टक्का जाड निघाली तर तो ४ टक्के वाढतो, म्हणून लोड टेस्टरवर आकडा बाहेर गेला की आधी मायक्रोमीटर उचलतात.