तलाव सजवणं वेगळं, तलाव जगवणं वेगळं

तलावाभोवती पत्रे ठोकले, जेसीबी आला, की आपण म्हणतो, 'चला, तलावाचं काम निघालं.' सुशोभीकरण की पुनरुज्जीवन, हे कुणी विचारत नाही.

सुशोभीकरण हे काठाचं काम: फरसबंदी, कठडे, दिवे, बाकं, कारंजी. त्यात वाईट काही नाही. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा हवीच. पुनरुज्जीवन हे पाण्याचं काम, आणि ते बरंचसं तलावाबाहेर, वस्त्यांत आणि नाल्यांत करावं लागतं.

मुंबईतल्या पवईचंच घ्या. १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. आज त्याचं पाणी पिण्यालायक नाही. भोवतालचं सांडपाणी आत येतं आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस जलपर्णीला खतासारखा मिळतो. ती फोफावली की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. यंत्राने ती उपसली तरी सांडपाणी चालूच असेल तर काही आठवड्यांत परत पसरते. उपसलेला ढीग काठावरच कुजू दिला तर ते खतही पुन्हा पाण्यात उतरतं. म्हणून आधी सांडपाणी मलवाहिनीत वळवायचं, मग गाळ आणि जलपर्णी काढायची. क्रम उलटला की दरवर्षी तोच खर्च.

शेजारचा विहार तलाव तर पवईहून जुना, १८६० चा. पण तो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे, आणि आजही मुंबईला पाणी पाजतो.

गोंधळाचं एक कारण सरकारी योजनांतच आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवई होता. सांडपाणी रोखणं आणि काठाचा विकास, दोन्ही तिच्यात बसत. २०१३ मध्ये ती आणि पाणथळ जागांची योजना एकत्र करून एकच नवी योजना झाली.

कधी ही दोन कामं एकमेकांच्या मुळावरही येतात. पवईच्या काठाने सायकल ट्रॅकसाठी भराव टाकला गेला. हाच उथळ काठ मगरींना ऊन खायला आणि पाणपक्ष्यांना चरायला लागतो. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो भराव बेकायदा ठरवून काढायला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं.

पुढच्या वेळी पत्रे दिसले की वॉर्ड ऑफिसात जाऊन अंदाजपत्रक मागा. किती नाले अडवणार, सांडपाणी कुठे नेणार, पाण्यातला प्राणवायू कोण आणि कधी मोजणार, हे त्यात शोधा.